मालकाचं खातं

“खाती किती करायची, कासेरिता?” जुने लॅपटॉप विकणाऱ्या एफ्राईनने बोटांवर फुंकर मारत विचारलं; प्रत्येक गिऱ्हाईक बाईला तो लाडाने कासेरिताच म्हणायचा. गुरुवारच्या बाजारात त्या दिवशी असा गार वारा सुटला होता की त्याच्या टपरीवरची निळी ताडपत्री फडफडून कुणाला धड बोलू देत नव्हती.

“तीन,” हासिंता म्हणाली.

“दोन,” तिची मुलगी सुल्मा म्हणाली. “एक माझं, एक तुझं. आणि तुझं तरी कशाला? तुला कुठं चालवायचाय?”

“तीन. आधी तुझ्या बापाचं. मग माझं. मग तुझं.”

सुल्माने मान फिरवली आणि शेजारच्या टपरीवरचे जुने बूट बघू लागली. अठरा वर्षांची पोर, आईशी भर बाजारात वाद घालण्यात अर्थ नाही एवढं तिला कळत होतं. 

एफ्राईनने लॅपटॉपचं झाकण उघडलं. कुण्या ऑफिसातून निघालेला, कोपऱ्यावर टवका उडालेला, अक्षरं पुसट झालेला लॅपटॉप होता तो. पण आतलं सगळं त्याने धुऊन पुसून काढलं होतं आणि आता नव्या घरच्या माणसांची नावं घालायची होती.

“दादा कुठं असतात?”

“साओ पाउलोला. शिवणाच्या कारखान्यात,” हासिंता म्हणाली. “सात वर्षं झाली.”

एफ्राईनने मान हलवली. एल आल्तो शहरात दर तिसऱ्या घरातलं कुणीतरी सीमेपलीकडे साओ पाउलोला शिवणाच्या मशीनवर बसलेलं असतं, त्याला त्यात नवल नव्हतं. “हे बघ, सांगतो,” तो म्हणाला. “पहिलं खातं ज्याचं, तो या मशीनचा मालक. अ‍ॅडमिन म्हणतात त्याला. नवीन काही बसवायचं, काही काढायचं, की हे मशीन त्याचा पासवर्ड मागणार. तेव्हा जो रोज बसणार त्याचं पहिलं कर. पोरीचं कर.”

“घरात येतं ते त्याच्या नावावर येतं,” हासिंता म्हणाली, आणि तिथेच तो विषय संपला.

हे काही तिच्या एकटीच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. जागा ब्राउलियोच्या नावावर होती, विजेचा मीटर ब्राउलियोच्या नावावर होता. वस्तीच्या मंडळात कुटुंबप्रमुख म्हणून नाव ब्राउलियो तार्कीचं होतं. नाव आहे तोवर जागेवर कुणी बोट ठेवू शकत नाही, म्हणून प्रत्येक सभेला, प्रत्येक मोर्चाला, गटार खणायच्या प्रत्येक रविवारी हासिंता हजर असायची. सेक्रेटरी हजेरी घ्यायचा, “ब्राउलियो तार्की!” आणि हासिंता आपल्या घोगऱ्या आवाजात ओरडायची, “हजर!” मग मागून कुणीतरी म्हणायचंच, “ब्राउलियो, आज दाढी गुळगुळीत केलीस रे!” आणि बायका पोट धरून हसायच्या. हासिंताही हसायची. सात वर्षं नवऱ्याच्या नावाला ओ देता देता ते नाव तिच्या अंगावर शालीसारखं बसलं होतं. ते काढून ठेवलं तर थंडी वाजेल असं तिला वाटे.

तिने तिथूनच ब्राउलियोला व्हिडिओ कॉल लावला. तिसऱ्यांदा लागला. पडद्यावर त्याचा चेहरा आला, मागे मशीनांचा खडखडाट. तो जाडसर झाला होता, आणि त्याने केस मागे वळवले होते.

“काय गं? काम चाललंय.”

“लॅपटॉप घेतला. सुल्माच्या परीक्षेला. बघ, हा बघ!” तिने फोन लॅपटॉपकडे वळवला. “पहिलं खातं तुझं करतोय. पासवर्ड सांग.”

“माझं कशाला आता?”

“म्हणजे? तू आलास की तुला नको?”

त्याने एकदा मागे वळून पाहिलं. “बरं. त्या माणसाकडे दे फोन.”

एफ्राईन फोन घेऊन वारा चुकवत दोन ट्रंकांच्या आडोशाला गेला. तिथून तो एक एक आकडा मोठ्याने विचारत आणि दाबत होता, पण ताडपत्रीपुढे हासिंताला काही ऐकू आलं नाही. तो परत आला तेव्हा हसत होता.

“लक्षात राहील ना, म्हणून विचारलं मी दादांना. तर म्हणतात, पोरीची जन्मतारीख आहे, ती कसा विसरेन? मी तेच खाली आठवणीसाठी लिहून ठेवलंय. पासवर्ड चुकला की दिसेल. चांगला बाप आहे हो.”

हासिंताने सुल्माकडे पाहिलं. सुल्मा अजून बूट बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

मग हासिंताने शालीच्या गाठीतून दारूची छोटी बाटली काढली. घरात नवीन वस्तू आली की चार थेंब शिंपडायचे, पाचामामाला, धरणीला तिचा वाटा द्यायचा, हे ती विसरणाऱ्यातली नव्हती. तिने बूच काढलं तसा एफ्राईन दोन्ही हात पसरून लॅपटॉपवर आडवा झाला. “अगं बाई, यावर नको! खाली ओत, टेबलाच्या पायांशी ओत. याला पाजलीस तर हा परत उठायचा नाही!” 

तिने टेबलाच्या चारही पायांशी ओतली आणि उरलेला घोट एफ्राईनला दिला. त्याने तो आनंदाने घेतला.

पुढचे दहा दिवस हासिंताच्या आयुष्यात बऱ्याच काळाने आलेले चांगले दिवस होते. पहाटेपासून ती ला सेहाच्या नाक्यावर उभी असायची आणि मिनीबसांचे मार्ग ओरडायची. “सेन्काता, सेन्काता, जागा आहे, जागा आहे!” आत माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असली तरी जागा आहे असंच ओरडायचं असतं. बस भरली की ड्रायव्हर खिडकीतून एक नाणं टाकायचा आणि ती पुढच्या बसकडे वळायची. पंधरा वर्षं हेच. त्यात तिचा आवाज गेला होता, आणि ज्या गावांची नावं ती ओरडायची त्यांतल्या निम्म्या ठिकाणी ती कधी गेलीही नव्हती. पण त्या आठवड्यात तिने आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचं गरम पेय, विकणाऱ्या बाईला सांगितलं, दोन ड्रायव्हरांना सांगितलं, शेजारच्या मार्गावर ओरडणाऱ्या म्हाताऱ्यालाही सांगितलं, की माझ्या नवऱ्याने पासवर्ड काय ठेवलाय ठाऊक आहे?

“पोरीची जन्मतारीख! तिकडं बसून!”

“म्हणजे येतोय वाटतं,” आपीवाली जांभळा वाफाळता पेला तिच्या हातात देत म्हणाली.

“येणारच की. पोरीला कॉलेजात गेलेली बघायला तरी येणारच.”

आधी तो दर कार्निव्हलला यायचा. मग एक वर्ष सुट्टी मिळाली नाही, मग रस्ते बंद होते, मग महामारी आली, आणि महामारी गेल्यावर न येण्याला कारण देण्याचीही सवय गेली. रविवारचा फोन महिन्यावर गेला. हासिंताला हे दिसत नव्हतं असं नाही. पण दिसणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं, आणि मान्य करायला तिला सात वर्षांत वेळ मिळाला नव्हता. आता तर गरजच उरली नाही असं तिला वाटू लागलं. माणूस दूर गेला, जाड झाला, केसांची धाटणी बदलली, पण काहीतरी गुपित ठेव म्हटल्यावर त्याच्या तोंडून पोरीचीच तारीख निघाली ना?

 सुल्मा लॅपटॉप उघडायची तेव्हा पडद्यावर तीन नावं यायची, आणि स्वतःच्या नावावर टिचकी मारण्याआधी ती बाण बापाच्या नावावर नेऊन क्षणभर थांबायची. हासिंता बटाटे सोलता सोलता तिरक्या डोळ्यांनी हे बघायची आणि हरखून जायची.

रविवारी संध्याकाळी सुल्माने चुलीपाशी बसलेल्या आईला हाक मारली. बुधवारी प्रवेशपरीक्षा होती, घरी बसूनच द्यायची. विद्यापीठाने एक प्रोग्राम पाठवला होता, तो लॅपटॉपवर बसवल्याशिवाय परीक्षा उघडणार नव्हती.

“आई, हा मालकाचा पासवर्ड मागतोय.”

“मग घाल की. तुझीच तर तारीख आहे.”

सुल्माने हात पुसले. तीन ऑगस्ट आणि वर्ष, आठ आकडे. पडद्यावर काळे ठिपके उमटले, आणि मशीनने नाही म्हटलं. खाली एफ्राईनने लिहिलेली ओळ आली, ‘मुलीची जन्मतारीख’.

“नीट घातलास का?”

“नीटच घातला.”

“परत घाल.”

तिने परत घातला. मग महिना आधी आणि दिवस नंतर. मग वर्षाचे शेवटचे दोनच आकडे. मग शून्यं काढून. दर वेळी ठिपके, दर वेळी नाही, दर वेळी तीच ओळ.

“थांब, थांब,” हासिंता एकदम म्हणाली. “दाखल्यावरची तारीख! तुझं नाव उशिरा लावलं नव्हतं का? तुझ्या बापानंच जाऊन लावलं होतं. त्याला कागदावरचीच आठवणार!” तिने पलंगाखालची पेटी ओढली, पिवळा पडलेला दाखला काढला आणि दिव्याखाली धरला. सुल्माने त्यावरची तारीख घातली. नाही. बाप्तिस्म्याची तारीख घातली. नाही. 

“एक दिवस मागंपुढं केलं असेल त्यानं,” हासिंता म्हणाली. “पुरुषांना कुठं दिवस लक्षात राहतात? दोन तारीख घालून बघ. चार घालून बघ.”

सुल्माने दोन घातली, चार घातली. मग तिने हात मांडीवर ठेवले. 

“त्यालाच विचार,” ती म्हणाली.

फोन लागला नाही. हासिंताने आवाजी निरोप ठेवला, “ब्राउलियो, पासवर्ड लागत नाहीये, पोरीची परीक्षा आहे, लगेच सांग.” सोमवारी सकाळी निरोपापुढच्या खुणा निळ्या झाल्या, म्हणजे त्याने ऐकला होता. उत्तर आलं नाही. एफ्राईनकडे जावं तर त्याची टपरी गुरुवारी आणि रविवारीच लागायची, आणि त्याचा नंबर घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्याच्या जागी सोमवारी नुसता रिकामा रस्ता होता आणि कुत्री होती. हासिंता तरीही तिथे जाऊन आली. शेजारच्या दुकानात चौकशी केली, “इथं लॅपटॉपवाला बसतो, तो राहतो कुठं?” दुकानदार म्हणाला, “इथं हजार माणसं बसतात, सेन्योरा.”

त्या दिवशी नाक्यावर आपीवालीने विचारलं, “काय गं, आज ओरडेनास?” हासिंता म्हणाली, घसा धरलाय.

घसा धरला नव्हता. तिच्या मनात एक विचार येऊन बसला होता, आणि तो मोठ्याने ओरडताना बाहेर पडेल की काय अशी तिला भीती वाटत होती. बाप चुकून चुकून किती चुकेल? एक दिवस, दोन दिवस. सुल्मा जन्मली त्या दिवशी ब्राउलियो स्वतः दाईला आणायला धावला होता, धुक्यात पडून गुडघा फोडून घेतला होता. ती खूण त्याच्या पायावर आहे. तो दिवस तो विसरेल? आणि विसरला नसेल, तर मग ती तारीख कुठल्या पोरीची? इथवर विचार आला की ती तो हाकलून द्यायची आणि सेन्काता, सेन्काता म्हणून ओरडायची. पुढची बस येईपर्यंत तो परत दारात उभा असायचा.

मंगळवारी तिने चार निरोप ठेवले. पहिल्यात रागावली, दुसऱ्यात विनवण्या केल्या. तिसऱ्यात म्हणाली, “मला बाकी काही विचारायचं नाही रे. काहीच विचारणार नाही. फक्त आकडे सांग. उद्या पोरीची परीक्षा आहे.” चौथ्यात नुसता बसांचा आवाज गेला.

ऊन उतरत असताना ती घरी परतली. सुल्मा पुस्तक पुढे घेऊन बसली होती, पण पान उलटत नव्हती. एवढ्यात फोन वाजला. निरोप येत होता. ब्राउलियो काहीतरी लिहीत होता, थांबत होता, परत लिहीत होता. दोघी फोनकडे बघत उभ्या राहिल्या. एवढा वेळ लिहितोय म्हणजे बरंच काही असेल, असं हासिंताला वाटलं. ती पलंगाच्या कडेवर बसली.

आले ते आठ आकडे. बाकी एक शब्द नाही.

अकरा फेब्रुवारी. तीन वर्षांपूर्वीचा.

हासिंताने फोन पालथा करायला हात उचलला, पण सुल्मा खांद्यामागेच उभी होती आणि तिची नजर चांगली होती.

“तारीख चुकलीय त्याची,” हासिंता म्हणाली.

“हं.”

“पहिल्यापासून कच्चाच आहे तो आकड्यांत.”

“आणि वर्षही चुकलं?” सुल्माने विचारलं. ती कुत्सितपणे म्हणाली नाही. आईला एक संधी द्यावी तसं विचारलं.

हासिंताने फोन पालथा करून पलंगावर ठेवला. तिला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही, रोज भरलेल्या बसमध्ये जागा आहे म्हणून ती ओरडतच होती. पण हे खोटं तसं ओरडून खपणारं नव्हतं.

“वर्षही,” ती शेवटी म्हणाली.

सुल्मा लॅपटॉपपुढे बसली. तिने आठ आकडे दाबले, आणि मशीनने मुकाट्याने हो म्हटलं. प्रोग्राम बसायला लागला. हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती आणि दोघी ती बघत होत्या, कारण एकमेकींकडे बघायचं नव्हतं. तीन वर्षांची मुलगी म्हणजे आता बोलत असेल, हासिंताच्या मनात आलं. पापा म्हणत असेल. तिला जोराचं रडू आलं, तिने शालीचा बोळा तोंडात कोंबला आणि ते आत ढकललं. पोरीची उद्या परीक्षा होती.

“बसला,” सुल्मा म्हणाली. “आता मी मला मालक करतेय. नाहीतर उद्या मध्येच परत मागेल.”

“कर.”

थोडा वेळ टिचक्यांचा आवाज आला.

“झालं. आई, आता त्याचं खातं लागत नाही. काढू?”

हासिंता उठली, चुलीवरचं भांडं उगाच हलवलं, झाकण काढलं, परत ठेवलं. बाहेर शेजारणीने कुत्र्याला हाकललं. जागा, मीटर, मंडळातलं नाव, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिथून ते नाव काढायचं म्हटलं तर डोक्यावरचं छप्पर हलेल. इथून काढायला कुणाची परवानगी लागणार नव्हती. अख्ख्या जगात ही एकच जागा होती.

“काढ,” ती म्हणाली.

सुल्माने टिचकी मारली आणि थांबली.

“विचारतोय, ब्राउलियोच्या वस्तू ठेवायच्या की टाकायच्या.”

“कसल्या वस्तू?”

“खात्यातल्या. कागद, फोटो, असं काय काय असतं.”

“आहेत?”

“कशा असतील? त्यानं कधी उघडलंच नाही ते.”

हासिंता शालीला हात पुसत तिच्या मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर दोन चौकोन होते. तिला ते वाचता येत होते, पण ती बराच वेळ वाचत राहिली.

“ठेव,” ती म्हणाली.

“आई, अगं काही नाहीये त्यात.”

“असू दे. ठेव.”

सुल्माने ठेवलं. तीन नावांतलं वरचं नाव गेलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात फोल्डरचं एक पिवळं पाकीट येऊन बसलं, खाली ब्राउलियो असं लिहिलेलं. 

“उघडून दाखव,” हासिंता म्हणाली.

पाकिटात आणखी पाकिटं होती. सुल्मा एक एक उघडत गेली.

“कागदपत्रं. काही नाही.”

“पुढचं?”

“फोटो. काही नाही.”

“पुढचं?”

“गाणी,” सुल्मा म्हणाली. “काही नाही, आई.”

अजून दोन उरली होती. हासिंता तिच्या खुर्चीची पाठ धरून, शेवटचं उघडून होईपर्यंत उभी राहिली.